अठ्ठावीस खेळाडू, उरलेले सात सामने: एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल हंगामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं एक खासगी कॉलेज. विद्यार्थी साधारण १,७००, प्रवेश कठीण, अभ्यासाचा दबदबा मोठा. खेळात ते एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी या कॉलेजने आपल्या फुटबॉल संघाचा चालू हंगाम थांबवत असल्याचं जाहीर केलं. दहापैकी तीन सामने झाले होते, तिन्ही हरले होते, सात बाकी होते. हंगाम सुरू झाला तेव्हा संघात ३९ जण होते. थांबला तेव्हा खेळण्याजोगे २८ उरले होते. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली. इथे कॉलेजचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, कारण ज्या हिशेबाने हा हंगाम संपला तो हिशेब अमेरिकेतल्या अनेक छोट्या कॉलेजांना लागू पडतो.

टीव्हीवर जे कॉलेज फुटबॉल दिसतं, लाखभर प्रेक्षकांची मैदानं आणि विमानाने फिरणारे संघ, ते पहिल्या श्रेणीच्या वरच्या थरातलं. २०१९ मध्ये तिथे एका संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. मदत मिळते ती घरच्या परिस्थितीवर किंवा मार्कांवर, आणि मुलाने दुसऱ्या वर्षी फुटबॉल सोडलं तरी ती तशीच चालू राहते. त्यामुळे मुलाला संघात धरून ठेवणारं पैशाचं बंधन नसतं. प्रयोगशाळेचा तास सरावाच्या वेळेत आला, परदेशात एक सत्र घालवण्याची संधी आली, गुडघा दुसऱ्यांदा दुखावला, की मुलगा संघ सोडतो. त्याला कुणी दोष द्यावा असं यात काही नाही. ही श्रेणी अशीच आखलेली आहे. पण याचा अर्थ असा की यादी दरवर्षी गळणार हे धरूनच ती भरावी लागते.

या श्रेणीत शंभरेक खेळाडूंचा संघ ही नेहमीची गोष्ट आहे. त्यासमोर ३९ जणांचा संघ ऑगस्टमध्येच धोक्याच्या रेषेवर उभा होता. सप्टेंबरमधल्या दुखापतींनी ते फक्त उघड केलं.

अडचण: २८ म्हणजे नेमके किती?

क्रिकेटच्या सवयीने पाहिलं तर मैदानावरच्या ११ जणांसाठी २८ खेळाडू म्हणजे चैन वाटते. गणित इथेच चुकतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू आपल्याकडे असताना एक संघ खेळतो आणि समोरच्याकडे असताना दुसराच. आक्रमणाचे ११ आणि बचावाचे ११ वेगळे. शिवाय किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), किकऑफ परतवणं, पंट (चेंडू समोरच्यांना देताना लांब मारलेली किक), पंट परतवणं, फील्ड गोल (खांबांमधून किक मारून मिळवलेले गुण) आणि तो अडवणं अशा सहा खास तुकड्या, त्याही प्रत्येकी ११ जणांच्या. मोठ्या संघात या तुकड्यांमध्ये राखीव मुलं खेळतात. छोट्या संघात तीच ती मुलं पुन्हा धावतात.

२८ जणांची एक नमुन्याची वाटणी करून पाहू. आक्रमणात लाइनमन (पुढच्या रांगेत समोरच्यांना अडवणारे) ६, क्वार्टरबॅक (चाल चालवणारा, चेंडू फेकणारा) २, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) २, रिसीव्हर (पास झेलणारे) आणि टाइट एंड (रांगेच्या टोकाला, अडवणारे आणि झेलणारेही) मिळून ५; झाले १५. बचावात पुढच्या फळीत ४, तिच्या लगेच मागे उभे राहणारे लाइनबॅकर ४, मागच्या फळीत ५, झाले १३. बेरीज २८. मैदानावर लागणारे २२ वजा केले की राखीव उरतात सहा, आणि ते सहा नको तिथे विखुरलेले. आक्रमणाच्या लाइनमध्ये एक, क्वार्टरबॅक एक, रनिंग बॅक एक, रिसीव्हर एक, लाइनबॅकर एक, मागच्या फळीत एक. बचावाच्या पुढच्या फळीत एकही नाही. किकरचं नावही या यादीत वेगळं नाही. रिसीव्हरपैकीच कुणीतरी किक मारणार. लाँग स्नॅपर, म्हणजे पंटसाठी दोन पायांमधून चेंडू १५ यार्ड मागे फेकणारा, तोही लाइनमनपैकीच एक.

बचावाची पुढची फळी कोणत्याही संघात आलटून पालटून खेळवतात. तिथला खेळाडू दर स्नॅपला, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होते त्या प्रत्येक वेळी, अडीचशे-तीनशे पौंडांच्या, म्हणजे ११३ ते १३६ किलोच्या माणसाला अंगाने ढकलत असतो. कॉलेजच्या सामन्यात एका बाजूचे साधारण ७० स्नॅप होतात. आठ जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ येतात. चारच असतील तर सगळे ७० त्यांच्याच अंगावर.

आता पहिल्या क्वार्टरमध्ये आक्रमणाच्या लाइनमधल्या एकाचा घोटा मुरगळला असं धरा. सहावा आत येतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये आणखी एक बाहेर गेला की लाइनमध्ये चारच उरतात. टाइट एंडला आत सरकवणं सोपं वाटतं, पण स्क्रिमेज रेषेवर, म्हणजे चाल सुरू होताना आक्रमण जिथे रांग धरतं तिथे, ५० ते ७९ यांमधल्या क्रमांकांचे किमान पाच खेळाडू असलेच पाहिजेत असा नियम आहे. म्हणजे ८४ क्रमांकाच्या टाइट एंडला बाजूला जाऊन जर्सी बदलावी लागते आणि रेफरीला ते कळवावं लागतं. तो ९० किलोचा मुलगा मग समोरच्या १२० किलोच्या माणसाला अडवायला उभा राहतो, आणि त्याच्या मागे उभ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला मिळणारा वेळ तीन सेकंदांवरून दोनवर येतो. नाहीतर बचावातला एक जण दोन्हीकडे खेळतो. त्याचे स्नॅप १४० होतात, खास तुकड्या वेगळ्या.

थकवा इथे फक्त दमछाक राहत नाही. टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला खाली पाडण्याची, योग्य पद्धत अशी की डोकं वर, नजर समोर, छाती आणि खांदा पुढे, डोकं प्रतिस्पर्ध्याच्या अंगाच्या एका बाजूला. चौथ्या क्वार्टरपर्यंत मांड्या साथ सोडतात, खेळाडू गुडघ्यात वाकत नाही, कमरेत वाकतो. कमरेत वाकलं की डोकं खाली जातं आणि हेल्मेटचा टाळूकडचा भाग आधी आदळतो. मान सरळ रेषेत आली की आघात स्नायूंत न विरता थेट मणक्यांवर जातो. मानेच्या सगळ्यात गंभीर दुखापती याच स्थितीत होतात. प्रशिक्षक आठवडाभर हेच शिकवतात आणि थकलेलं शरीर नेमकं हेच विसरतं.

सरावाचा पेच

कमी खेळाडूंचा खरा फटका शनिवारी नाही, मंगळवारी आणि बुधवारी बसतो. बाहेरून पाहणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही, म्हणून यावर जरा थांबायला हवं.

नेहमीच्या आठवड्यात रविवारी व्हिडिओ पाहणं, सोमवारी हलकं काम, मंगळवार-बुधवार पूर्ण पोशाखात जोरदार सराव, गुरुवारी फक्त मांडणी आणि उजळणी, शनिवारी सामना. मंगळवारच्या सरावाला स्काउट टीम लागते. म्हणजे राखीव मुलं येत्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली वठवतात आणि मुख्य ११ त्यांच्यासमोर तयारी करतात. शंभर जणांच्या संघात यासाठी माणसांची वानवा नसते. २८ जणांत आक्रमणासमोर उभं करायला बचावाचे मुख्य खेळाडूच असतात. दोन्ही मुख्य फळ्या एकमेकींना झोडपतात, आणि शनिवारी ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे तोच मंगळवारी जखमी होतो.

यावर उपाय ठरलेले आहेत. पहिला, खाली पाडायचं नाही, फक्त अंगाला अंग भिडवून थांबायचं. त्याला मैदानावर 'थड' म्हणतात. दुसरा, सेंटरपासून (लाइनच्या मधल्या खेळाडूपासून) एका बाजूचीच अर्धी लाइन घेऊन सराव करायचा, पाच-सहा जण विरुद्ध पाच-सहा. तिसरा, लाइनमन वगळून सात विरुद्ध सात. आणि जिथे माणूसच नाही तिथे कचऱ्याचे मोठे डबे मांडून बचावाच्या जागा दाखवायच्या. हे डबे अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर सर्रास दिसतात. मांडणी समजण्यापुरते ते पुरतात, पण डबा हलत नाही. समोरचा लाइनबॅकर डावीकडे सरकल्याचं भासवून उजवीकडून आला तर गार्डने, म्हणजे सेंटरच्या शेजारच्या लाइनमनने, काय करायचं, हे डब्यासमोर शिकता येत नाही.

म्हणजे सराव जपून केला तर शनिवारी अचूकता जाते, आणि अचूकता गेली की फटके वाढतात. सराव जोरात केला तर माणसं जातात. ३९ जण असताना या दोहोंमध्ये थोडी वाट असते. २८ वर ती उरत नाही.

दुखापतींचं वेळापत्रक

संघाच्या हातात नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे परतीचा वेळ. साधा घोटा मुरगळला तर एक-दोन आठवडे. पोटरीची दोन हाडं जोडणारा घोट्याच्या वरचा अस्थिबंध ताणला, ज्याला हाय अँकल स्प्रेन म्हणतात, तर बहुधा चार ते सहा आठवडे. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला तर हंगाम संपला.

कन्कशनचं गणित आणखी ठाम. मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की त्या दिवशी पुन्हा मैदानावर पाय ठेवता येत नाही. लक्षणं ओसरू लागली की पायऱ्या सुरू होतात: रोजची हलकी हालचाल, सायकल किंवा हलकं धावणं, खेळातल्या हालचाली, संपर्काविना सराव, संपर्कासह सराव, मग सामना. दोन पायऱ्यांमध्ये साधारण २४ तास जातात. डोकेदुखी परतली की एक पायरी मागे. शनिवारी लागलं आणि बुधवारी लक्षणं गेली, तरी पुढचा शनिवार हाती लागत नाही. आणि हा निर्णय प्रशिक्षकाचा नसतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनर (दुखापतींची काळजी घेणारा, प्रशिक्षक नव्हे) आणि संघाचे डॉक्टर यांचा शब्द अंतिम. एनसीएएच्या नियमांनुसार प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. छोट्या संघासाठी हा नियम अडचणीचा वाटतो, पण तो सगळ्यात जास्त गरजेचा तिथेच आहे. तिथेच 'आज एवढा सामना काढ' म्हणण्याचा मोह सगळ्यात मोठा असतो, आणि म्हणणारा बहुतेक वेळा प्रशिक्षक नसून शेजारी उभा असलेला मित्र असतो.

पुढे असलेले पर्याय

अशा अवस्थेत सापडलेल्या संघापुढे मोजकेच मार्ग असतात, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी असते.

पहिला मार्ग, तसंच खेळत राहायचं आणि सामना छोटा करायचा. दोन स्नॅपमधल्या ४० सेकंदांच्या घड्याळात तीन-चार सेकंद उरेपर्यंत चेंडू उचलायचा नाही. पास कमी, धाव जास्त, आणि धावणाऱ्याने सीमारेषेबाहेर जायचं नाही, म्हणजे घड्याळ थांबत नाही. यातून दहा-बारा स्नॅप वाचू शकतात. पण पिछाडीवर असताना ही चाल म्हणजे आधीच हार मानणं, आणि समोरचा संघ झटपट खेळत असेल तर बचावाचे स्नॅप काही कमी होत नाहीत. नियमांत आणखी एक वाट आहे: दोन्ही मुख्य प्रशिक्षक आणि रेफरी सहमत असतील तर उरलेले क्वार्टर १५ मिनिटांऐवजी कमी मिनिटांचे करता येतात. एका बिकट दुपारी ही सोय उपयोगी पडते. सात आठवडे तिच्यावर काढता येत नाहीत.

दुसरा मार्ग, कॉलेजातूनच माणसं आणायची. कुस्तीपटू, गोळाफेक करणारे, शाळेत फुटबॉल खेळून इथे सोडून दिलेले. ऐकायला हा उपाय छान वाटतो, पण त्यांची पात्रता, शारीरिक तपासणी, सिकल सेल गुणधर्माची नोंद, कन्कशनसाठी लागणारी आधीची मूळ चाचणी, हे सगळं आधी व्हायला हवं. हेल्मेट बसवणंही घाईचं काम नाही: पुढची कड भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वर राहिली पाहिजे, आणि हेल्मेट फिरवलं तर कपाळाची कातडी त्याबरोबर हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट सरकता कामा नये. मग, त्या काळच्या नियमाप्रमाणे, शरीर सरावण्याचे पाच दिवस: पहिले दोन फक्त हेल्मेट, पुढचे दोन हेल्मेट आणि शोल्डर पॅड, पाचव्या दिवशी पूर्ण पोशाख. उत्तम नियोजन असलं तरी आठ-दहा दिवस गेले. आणि हाती येतो तो ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा टॅकल करणारा मुलगा, समोर ऑगस्टपासून तयार झालेला संघ. संख्या वाढते, धोका कमी होत नाही.

तिसरा मार्ग, काही सामने सोडायचे आणि काही खेळायचे. सगळ्यात बलाढ्य दोन-तीन संघांविरुद्ध माघार घ्यायची, विश्रांती मिळवायची, बाकीचे खेळायचे. पण दोन आठवड्यांनी परत येणारे किती आणि तोवर जाणारे किती, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. लीगमध्ये न्यायाचा प्रश्नही उभा राहतो, कारण काही संघांना सामना मिळतो आणि काहींना नाही.

चौथा मार्ग, प्रतिस्पर्ध्यांच्या दुय्यम संघांशी खेळायचं. मोठी यादी असलेली बरीच कॉलेजं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी रविवारी किंवा सोमवारी वेगळे सामने ठेवतात. ताकदीच्या दृष्टीने ही जोडी बरी जुळते. हे सामने लीगच्या गुणतक्त्यात मोजले जात नाहीत, पण मुलांना खेळायला मिळतं. आमच्या मते या प्रकरणात सगळ्यात कमी लक्ष गेलेला आणि सगळ्यात जास्त विचार करण्याजोगा पर्याय हाच होता. मात्र तो ऑक्टोबरमध्ये फोन फिरवून जमत नाही, उन्हाळ्यातच बोलून ठेवावा लागतो.

पाचवा, पूर्ण थांबणं.

आयोवातल्या लहान गावांच्या हायस्कुलांना आणखी एक सोय आहे: मुलं कमी असतील तर आठ-आठ जणांचं फुटबॉल. कॉलेज स्तरावर एनसीएएत तशी श्रेणी नाही. वजनाची मर्यादा असलेलं स्प्रिंट फुटबॉल आहे, जुन्या पूर्वेकडच्या लीगमध्ये ती मर्यादा १७८ पौंड, म्हणजे साधारण ८१ किलो. पण मध्य-पश्चिमेत त्याची लीग २०२२ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये या कॉलेजपुढे ते दार नव्हतं.

निर्णय

खेळाडू एकत्र बसले, चर्चा झाली, आणि मोठ्या बहुमताने त्यांनी हंगाम थांबवण्याच्या बाजूने कौल दिला. कॉलेजने तो स्वीकारला आणि खेळाडूंच्या आरोग्याचं व सुरक्षिततेचं कारण देऊन उरलेले सातही सामने रद्द केले.

या पायरीकडे दोन बाजूंनी पाहायला हवं. ज्यांच्या माना आणि गुडघे पणाला लागलेत त्यांना विचारलं गेलं, हे योग्यच झालं. या मुलांनी फार मोठी किंमतही मोजली. तिसऱ्या श्रेणीत त्या काळी हंगामातल्या पहिल्या सामन्यानंतर नुसता सराव केला तरी पात्रतेच्या चार हंगामांपैकी एक खर्ची पडत असे. म्हणजे तीन सामन्यांत एक पूर्ण वर्ष गेलं, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तर फुटबॉलच संपलं. आठ-दहा वर्षं खेळलेल्या खेळाला एका बैठकीत निरोप देणं सोपं नसतं. त्यांनी ते केलं, यात भित्रेपणा पाहणाऱ्यांनी २८ जणांत १४० स्नॅप कसे वाटायचे ते आधी मांडून दाखवावं.

दुसरी बाजू अशी की हा प्रश्न मुलांपर्यंत पोचायलाच नको होता. १९-२० वर्षांच्या खेळाडूसमोर 'खेळायचं की थांबायचं' असं ठेवलं की तो स्वतःच्या गुडघ्याचा विचार करत नाही, शेजारी बसलेल्या चौथ्या वर्षाच्या कर्णधाराचा करतो. या वेळी कौल सुरक्षिततेकडे झुकला. तो उलटा लागला असता तर? बहुमत 'खेळू' म्हणालं असतं आणि बचावाच्या पुढच्या फळीत चारच जण असते, तर कॉलेजने काय केलं असतं? ज्या निर्णयाचं एकच उत्तर मान्य करता येतं तो मताला टाकू नये. आधी ट्रेनर आणि डॉक्टर यांनी सांगावं की अमुक संख्येखाली सामना होणार नाही. त्या रेषेच्या वर असताना खेळायचं का, हे खेळाडूंना जरूर विचारावं, आणि तेही गुप्त मतदानाने.

परिणाम

हंगामाची नोंद तीन सामने, तीन पराभव अशी राहिली. लीगमधल्या इतर संघांच्या वेळापत्रकात भोकं पडली. ऑक्टोबरमध्ये बदली प्रतिस्पर्धी मिळवणं जवळपास अशक्य असतं, कारण त्याच शनिवारी मोकळा असलेला, बसने एका दिवसात गाठता येणारा आणि त्याच श्रेणीतला संघ सापडावा लागतो. दहाच सामन्यांच्या हंगामात एक सामना जाणं म्हणजे त्या संघांच्याही शेवटच्या वर्षाच्या मुलांची एक दुपार जाणं. नियमपुस्तकात सोडलेल्या सामन्याचा निकाल १-० असा नोंदवण्याची तरतूद आहे, पण त्या कागदी विजयाने कुणाचं समाधान होत नाही.

हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक बदलले. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. २०२१ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला.

हे थोडक्यात आटोपलं, तरी थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे, हे एका दुसऱ्या उदाहरणावरून दिसतं. लॉस एंजेलिसमधल्या ऑक्सिडेंटल कॉलेजने २०१७ मध्ये याच कारणासाठी हंगाम अर्ध्यावर सोडला. संघ पुढच्या वर्षी परतला, २०१९ मध्येही खेळला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये कॉलेजने फुटबॉल कायमचं बंद केलं. खूप जुनी परंपरा असलेला, पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा जॅक केम्पसारखा क्वार्टरबॅक घडवलेला तो संघ होता. परंपरेने यादी भरत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी प्रवेशाचा आकडा. समजा दरवर्षी नवे १४ खेळाडू येतात आणि दर चारांतला एक पुढच्या वर्षापर्यंत गळतो. मग चार वर्गांत १४, ११, ८ आणि ६ उरतात. बेरीज ३९. हा नमुन्याचा हिशेब आहे, त्या कॉलेजची खरी आकडेवारी नव्हे, पण ३९ ची यादी कशी तयार होते ते त्यातून कळतं. तीच गळती धरून नवे ३० आणले तर ३०, २२, १७ आणि १३, म्हणजे ८२. म्हणून ऑक्टोबरमधल्या संकटाची सुरुवात तीन-चार वर्षं आधी प्रवेश कार्यालयात झालेली असते. प्रवेश कठीण असलेल्या कॉलेजात प्रशिक्षकाने शंभर मुलांना पटवलं तरी कितींना जागा मिळेल हे त्याच्या हातात नसतं. हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटीच मुलाचे मार्क प्रवेश कार्यालयाला दाखवून 'याला वाव आहे का' असं विचारण्याची वाट मोकळी असेल, तर प्रशिक्षकाचा उन्हाळा वाया जात नाही. आणि कॉलेजला एवढी मुलं एका खेळासाठी आणायची नसतील, तर ते स्पष्ट सांगून फुटबॉलबद्दल तेव्हाच ठरवावं. अर्ध्या मनाने ठेवलेला संघ मुलांच्या अंगावर चालतो.

दुसरी गोष्ट म्हणजे किमान संख्या ऑगस्टमध्ये लेखी ठरवणं, आणि ती एकूण न ठेवता जागेनुसार ठेवणं. एकूण ३२ असून लाइनमन पाचच असतील तर तो संघ खेळण्याजोगा नाही. एकूण ३० असून जागा नीट भरलेल्या असतील तर एक सामना निभावता येतो. आमच्या अंदाजाने आक्रमणाच्या लाइनमध्ये ८, बचावाच्या पुढच्या फळीत ६, लाइनबॅकर ५, मागच्या फळीत ६ आणि क्वार्टरबॅक २, यांपैकी कोणताही आकडा खाली गेला की त्या आठवड्याचा सामना आपोआप चर्चेला यायला हवा. कागदावर क्रीडा संचालक, मुख्य ट्रेनर आणि मुख्य प्रशिक्षक, तिघांच्या सह्या असाव्यात. आकडे थोडे इकडेतिकडे असू शकतात. ते पहिल्या सामन्याआधी ठरलेले असणं महत्त्वाचं. तिसऱ्या पराभवानंतर ठरवलेली कोणतीही रेषा मुलांना पळवाटच वाटते.

मोजणी रोज व्हायला हवी, आणि तीन रकान्यांत: पूर्ण तयार, संपर्काविना तयार, बाहेर. मधला रकाना सगळ्यात फसवा. प्रशिक्षक त्याला 'शनिवारपर्यंत येईल' असं वाचतो, ट्रेनर 'कदाचित' असं. बुधवारी संध्याकाळी मधल्या रकान्यातली माणसं बाहेर धरूनच संख्या मोजावी. गुरुवारी कुणी परतलं तर चांगलंच.

सप्टेंबरमध्येच, दुसऱ्या सामन्यानंतर, आणखी दोन गोष्टी करता येतात. पूर्ण पोशाखातला सराव आठवड्यातून एकदाच, तोही वीस-पंचवीस मिनिटं. बाकीचा वेळ मांडणी, व्हिडिओ आणि उभ्या पिशव्यांवर टॅकलची पद्धत. आणि चालींची वही निम्मी करायची. दोन जागा सांभाळणाऱ्या मुलाला साठ चाली पाठ करायला लावल्या की तो मैदानावर विचार करत उभा राहतो, आणि उभा राहिलेला खेळाडूच बाजूने येणाऱ्या फटक्याला सापडतो. पंधरा-वीस चाली, पण सगळ्यांना झोपेतही येतील अशा.

थांबण्याची वेळ आलीच तर त्यानंतरच्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक त्याच दिवशी मुलांच्या हातात पडायला हवं. हंगाम संपला की अनेकांचा दिवसच मोडतो: जेवणाची वेळ, अभ्यासाची वेळ, मित्र, सगळं सरावाभोवती बांधलेलं असतं. जिम आणि ट्रेनरची खोली त्यांच्यासाठी ठरलेल्या वेळी उघडी ठेवणं, जखमींचे व्यायाम अर्धवट न सोडणं, कन्कशन झालेल्यांचा पाठपुरावा सामना नसतानाही शेवटच्या पायरीपर्यंत नेणं, समुपदेशकाची भेट ठरवून देणं. सामना नाही म्हणून डोकेदुखीबद्दल कुणी विचारत नाही, अशी अवस्था येऊ देऊ नये. पहिल्या वर्षाच्या मुलांशी तर त्याच आठवड्यात एकेकट्याने बोलायला हवं, कारण पुढच्या ऑगस्टची यादी त्यांच्याच होकारावर उभी राहते.

लीगच्या पातळीवर एक छोटी तरतूद बरंच काही सावरू शकते. ज्या कॉलेजची ऑगस्टमधली यादी ५० च्या खाली असेल त्याने ते सगळ्यांना कळवावं, आणि त्याच्याविरुद्धच्या सामन्याच्या शनिवारी इतरांनी आपसात किंवा एखाद्या दुय्यम संघाशी पर्यायी सामना आधीच लिहून ठेवावा. सामना होणार नसेल तर बुधवारी दुपारपर्यंत कळवायचं, म्हणजे बस, पंच, रुग्णवाहिका आणि पाहुण्या संघाचं जेवण रद्द करता येतं.